कोलंबस, वास्को द गामा, वेलस्ली: बेळगावच्या वर्गात जगातली मोठी माणसे कशी शिकवावीत?

खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षिकाताईंनी विचारले आहे की, नववी-दहावीच्या मुलांसाठी ‘जगाच्या इतिहासातील थोर व्यक्ती’ या विषयावर वक्तृत्व स्पर्धा ठरली असून यादीत कोलंबस, वास्को द गामा, मॅगेलन, राणी एलिझाबेथ आणि नेपोलियन अशी नावे आली आहेत. मुले मात्र विचारतात की ही माणसे थोर की लुटारू, आणि त्यांचा आपल्या गावाशी संबंध काय? या दोन प्रश्नांना वर्गात कसे उत्तर द्यावे?

ताई, बेळगावात मी एकतीस वर्षे इतिहास शिकवला आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षे हे दोन्ही प्रश्न टाळण्यात घालवली. ‘थोर की लुटारू’ असे विचारणाऱ्या मुलाला मी “दोन्ही” असे सांगून गप्प बसवत असे. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण आळशी होते, कारण त्यातून मुलाच्या हाती पुढे वाचण्यासारखे काहीच लागत नसे. हळूहळू मी त्या दोन शब्दांचा नाद सोडला आणि प्रत्येक नावापुढे दोन साधे प्रश्न ठेवू लागलो. या माणसाला जे ठाऊक नव्हते ते त्याला कोणी सांगितले? आणि हे सारे आपल्याला आज कोणाच्या लेखणीतून कळते? यादीतल्या कोणत्याही नावाला हे प्रश्न लावले की नाव लहान होत नाही, पण त्याच्याभोवतीची माणसे दिसू लागतात, आणि थोरपणाचा निवाडा मुले स्वतःच करतात.

आपल्या भागातल्या मुलांना हे इतरांपेक्षा सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणाऱ्या मुलाला एकाच गावाची दोन नावे आणि एकाच लढाईच्या दोन हकिकती ऐकण्याची सवय असते. एका पुस्तकात ज्याला स्वारी म्हटले आहे त्याला दुसऱ्या पुस्तकात आक्रमण म्हणतात, हे त्याला शिकवावे लागत नाही. जेनोआत ज्याचे नाव क्रिस्तोफोरो कोलोंबो होते आणि स्पेनमध्ये ज्याला क्रिस्तोबाल कोलोन म्हणत, त्या माणसाकडेही याच नजरेने पाहायचे आहे, इतकेच सांगावे लागते.

सुरुवात मी नेहमी वास्को द गामापासून करत असे, कारण त्याचे नाव आपल्या मुलांनी पुस्तकाआधी रेल्वेच्या पाटीवर वाचलेले असते. लोंढ्यावरून दूधसागरचा घाट उतरणारी गाडी ज्या शेवटच्या स्थानकात थांबते त्याचे नावच वास्को द गामा आहे. त्यामुळे गोवा त्यानेच जिंकला असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात गोवा घेतला तो अफोन्सो द आल्बुकर्कने, १५१० साली, आणि तोही दोनदा. वर्षाच्या आरंभी घेतलेले शहर आदिलशाही फौजेने मे महिन्यात परत मिळवले आणि २५ नोव्हेंबरला आल्बुकर्कने ते पुन्हा घेतले. गोव्यावर चालून जा, असे त्याला सुचवणारा आणि स्वतःची माणसे घेऊन सोबत येणारा होता होन्नावरकडचा तिमोजा. म्हणजे गोव्याच्या विजयाची वाटही एका स्थानिक माणसाने दाखवली होती.

गामाच्या सफरीत माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थेट आकड्यांतच मिळते. ८ जुलै १४९७ रोजी चार जहाजे आणि सुमारे १७० माणसे घेऊन तो लिस्बनहून निघाला, आफ्रिकेला वळसा घालून एप्रिल १४९८ मध्ये मालिंदीला पोहोचला आणि तेथील राजाने दिलेल्या जाणत्या तांडेलाच्या भरवशावर २४ एप्रिलला त्याने अरबी समुद्रात जहाजे घातली. पश्चिमेचा वारा पाठीशी होता. अवघ्या २३ दिवसांत मलबारचा किनारा दिसला आणि २० मेच्या सुमारास जहाजे कालिकतजवळ नांगरली. परतताना मात्र त्याला सोबत असा जाणकार मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी त्याने ऐकले असते की नाही याची मला शंका आहे. पावसाळ्याचे वारे ओसरून ईशान्येचे वारे स्थिरावण्यापूर्वीच, ऑगस्टच्या अखेरीस, त्याने कालिकत सोडले. ऑक्टोबरच्या आरंभी कारवारजवळच्या बेटावरून निघालेल्या जहाजांना आफ्रिकेचा किनारा दिसला तो २ जानेवारी १४९९ रोजी. जो समुद्र येताना २३ दिवसांत पार झाला होता, त्यालाच जाताना जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून दात हलण्याच्या रोगाने, म्हणजे स्कर्व्हीने, याच टप्प्यात सुमारे तीस माणसे मेली. उरलेली इतकी थोडी आणि थकलेली होती की चालवायला खलाशी नाहीत म्हणून एक जहाज त्यांनी स्वतःच जाळून टाकले. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि काही बोलू नये. वाऱ्याचे ज्ञान कोणाचे होते, हे मुले आपोआप सांगतात.

तो तांडेल अरब नौकानयनशास्त्रज्ञ अहमद इब्न माजिद होता, असे मी कित्येक वर्षे ठामपणे शिकवले. ते बहुधा खरे नाही. ही गोष्ट नंतरच्या एका अरबी इतिहासकारामुळे रूढ झाली. पोर्तुगीज इतिहासकार त्या तांडेलाला गुजरातचा म्हणतात. इब्न माजिद हे नाव मोठे होते, त्याने समुद्रावर ग्रंथ लिहिले होते, म्हणून एका मोठ्या नावाला दुसरे मोठे नाव चिकटवण्याचा मोह सगळ्यांनाच झाला, मीही त्यात आलो. गुजरातचा एखादा निनावी तांडेल दर हंगामात हीच फेरी सहज करत असेल, ही शक्यता खरे तर अधिक बोलकी आहे.

कालिकतला उतरल्यावरचा प्रसंग तर मुलांना नाट्य म्हणून करायला द्यावा. गामा स्वतः आधी उतरला नाही. शिक्षा झालेल्या एका कैद्याला त्याने किनाऱ्यावर धाडले. त्या माणसाची गाठ पडली ती ट्युनिसच्या दोन व्यापाऱ्यांशी, ज्यांना स्पेन आणि जेनोआकडची भाषा येत होती. “कोणत्या सैतानाने तुम्हाला इथे आणले?” असा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि “ख्रिस्ती माणसे आणि मसाले शोधायला आलो” असे उत्तर मिळाले. भूमध्य समुद्राकाठची माणसे ज्या बंदरात आधीच दुकान मांडून बसली होती, त्या बंदराचा ‘शोध’ लागला असे म्हणताना निदान अडखळायला हवे. पुढे कालिकतच्या सामुद्री राजाकडे नेण्यासाठी गामाने जो नजराणा काढला त्याची यादी त्याच्याच ताफ्यातील एकाने दैनंदिनीत लिहून ठेवली आहे: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा नग, चार तांबड्या टोप्या, सहा हॅटा, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुण्याची सहा घंगाळी, साखरेची एक पेटी, तेलाची आणि मधाची प्रत्येकी दोन पिंपे. राजाचे कारभारी ते पाहून हसले आणि म्हणाले की मक्केचा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून अधिक आणतो, द्यायचे तर सोने द्या. खडेबाजारातल्या एखाद्या जुन्या सराफापुढे घंगाळी मांडल्यासारखा हा प्रकार होता. याच दैनंदिनीवरून कळते की वाटेतल्या एका देवळाला हे लोक चर्च समजले आणि तिथे त्यांनी प्रार्थनाही केली. हे सारे सांगणारी लेखणी पोर्तुगीजच आहे, म्हणून तर त्या हशाची नोंद इतकी विश्वसनीय वाटते. स्वतःची फजिती कोणी उगाच रचत नाही.

आपल्या भागाशी गामाचा सर्वांत जवळचा संबंध आला तो अंजदीव बेटावर. हे बेट कारवारसमोर आहे. परतीच्या वाटेवर सप्टेंबर १४९८ मध्ये जहाजे डागडुजीसाठी तिथे थांबली असता इटालियन भाषा उत्तम बोलणारा, चाळिशीच्या आसपासचा एक गृहस्थ त्यांना भेटायला आला आणि गोव्याच्या सुभेदाराचा चाकर असल्याचे सांगू लागला. संशय येऊन त्याला फटके मारण्यात आले, तेव्हा तो जहाजांची टेहळणी करायला आल्याचे निघाले. हा माणूस पोलंडकडील ज्यू कुटुंबातला होता असे म्हणतात. गामाने त्याला पोर्तुगालला नेले, बाप्तिस्मा दिला आणि स्वतःचे आडनाव दिले. गास्पार द गामा हे ते नाव. पुढे ब्राझीलच्या किनाऱ्यावर पोहोचलेल्या काब्रालच्या १५०० सालच्या ताफ्यातही तो दुभाषी म्हणून होता. म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधी युरोपातला एक ज्यू गोव्यात आदिलशाहीची नोकरी करत होता. तरीही ‘लुटारू’ हा शब्द मुलांनी उच्चारला तर त्यांना अडवू नका. १५०२ च्या दुसऱ्या सफरीत याच गामाने मक्केहून यात्रेकरू घेऊन परतणारे ‘मीरी’ नावाचे जहाज, शेकडो माणसे, बायका आणि मुले आत असताना, पेटवून दिले. ते वर्णनही पोर्तुगीजांच्याच नोंदींत आहे. १५२४ मध्ये तो व्हाइसरॉय होऊन तिसऱ्यांदा आला आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कोचीनला वारला.

मॅगेलनबद्दल थोडक्यात. १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाच्या ज्या ताफ्याने अंजदीववर किल्ला बांधायला घेतला, त्याच ताफ्यातून मॅगेलन तरुणपणी भारतात आला होता, ही गोष्ट पृथ्वीप्रदक्षिणेच्या गडबडीत कोणी सांगत नाही. प्रदक्षिणाही त्याने पुरी केली नाही. २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपीन्समधल्या मक्तान बेटावर तो मारला गेला. पाच जहाजांपैकी एक जहाज आणि त्यावरची अठरा माणसे एल्कानोच्या नेतृत्वाखाली ६ सप्टेंबर १५२२ रोजी स्पेनला परतली. नाव मॅगेलनचे राहिले, कारण त्या अठरांतला पिगाफेत्ता हा त्याचा चाहता होता आणि लिहिणारा होता.

कोलंबसाविषयी आधी एक खोटी समजूत काढून टाकावी लागते. पृथ्वी गोल आहे हे त्याने सिद्ध केले नाही. युरोपातल्या शिकलेल्या माणसांना ते आधीच मान्य होते. वाद होता तो अंतराचा. कॅनरी बेटांपासून जपान सुमारे ४,४०० किलोमीटरवर आहे असे कोलंबसाने हिशेबाने काढले होते, प्रत्यक्षात ते अंतर १९,००० किलोमीटरहून अधिक आहे. राजाने नेमलेल्या जाणकारांनी त्याची योजना फेटाळली ती अंतर फार मोठे आहे या कारणाने, आणि त्यांचेच बरोबर होते. मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून तो वाचला. चुकीचे गणित करून बरोबर उत्तर मिळालेला विद्यार्थी प्रत्येक वर्गात एखादा असतोच, त्यामुळे हा भाग मुलांना चटकन कळतो.

पण कोलंबसाचा आपल्याशी संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर मी फळ्यावर देत नसे. बेळगावच्या बाजारात जाऊन या, असे सांगत असे. १४९२ च्या १२ ऑक्टोबरला कोलंबस अमेरिकेतल्या बेटावर उतरला, त्यापूर्वी या बाजारात मिरची नव्हती, बटाटा नव्हता, रताळे नव्हते, मका, शेंगदाणे, काजू, टोमॅटो, तंबाखू यांपैकी काहीही नव्हते. आपल्या जिल्ह्यातून हे सारे काढून घेतले तर काय उरेल याचा विचार करून पाहावा. संकेश्वरी मिरची नाही, खानापूरच्या माळावरची रताळी नाहीत, काजूच्या बागा नाहीत आणि निपाणीचे तर नावच कोणी घेणार नाही. जानेवारी १४९३ मध्ये कोलंबसाने आपल्या दैनंदिनीत लिहिले की इथल्या लोकांची ‘अही’ नावाची मिरी आपल्या मिरीपेक्षा चांगली आहे आणि दरवर्षी पन्नास जहाजे भरून नेता येईल. ती मिरी नव्हती, मिरची होती. गंमत अशी की आपणही त्याच्यासारखेच केले: नवी वस्तू आली तेव्हा ओळखीच्या मिरीवरून तिला मिरची म्हटले. बटाट्याची हकिकत याहून मजेदार आहे. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, पण मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा रताळ्यासाठीचा शब्द आहे. युरोपात दोन कंदांची गल्लत झाली आणि रताळ्याचे नाव बटाट्याला मिळाले. मार्केट यार्डात रताळी आणि बटाटे यांची पोती शेजारी असतात, तेव्हा त्यांपैकी एकाचे नाव दुसऱ्याने पळवलेले असते. ज्या ताइनोंचा हा शब्द आहे ते रोगराई आणि सक्तीची मजुरी यांनी काही दशकांतच जवळजवळ नाहीसे झाले, हेही त्याच तासाला सांगावे.

तंबाखूचा प्रवास तर आपल्या दारावरून गेला आहे. कोलंबसाच्या माणसांनी नोव्हेंबर १४९२ मध्ये क्युबात लोकांना पाने पेटवून धूर घेताना पाहिले. ११२ वर्षांनी, १६०४ च्या सुमारास, अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारातून परतताना जी नवलाची वस्तू बरोबर घेऊन गेला ती तंबाखू होती. अशी वस्तू हिंदुस्थानात आपण कधी पाहिली नव्हती असे त्याने स्वतः लिहिले आहे. अकबराने हुक्क्याचे दोन-चार झुरके घेतले आणि वैद्य त्याला थांबवू लागले. त्या काळी बेळगाव विजापूरच्याच सत्तेखाली होते, म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या आधी तंबाखू आपल्या मुलखाला ठाऊक होती. निपाणीच्या वखारीतल्या विडी कामगाराच्या मुलाला कोलंबस समजावून सांगण्यासाठी याहून दुसरे काही लागत नाही.

यादीत नसलेले एक नाव मी सुचवतो, आणि ते बेळगावच्या किल्ल्याशीच जोडलेले आहे. महमूद गवान हा इराणच्या गिलान प्रांतातला. व्यापार करीत तो बिदरला आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकणाऱ्या तुर्की सुलतान दुसऱ्या मेहमेदाशी त्याचा पत्रव्यवहार होता. १४७२ मध्ये त्याने गोवा घेतला, आणि ते परत मिळवू पाहणाऱ्या बेळगावच्या राजावर लगोलग चालून येऊन हा किल्लाही घेतला. तटाखाली सुरुंग खणून त्यांत दारू ठासून उडवण्याची युक्ती दख्खनेत प्रथम याच वेढ्यात वापरली गेली, असे दख्खनचा फारसी इतिहासकार फिरिश्ता सांगतो. मुलांना खंदकाच्या काठावर उभे करून हे सांगता येते, आणि हे भाग्य लिस्बनच्या शिक्षकालाही नाही. १४८१ मध्ये त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र करून शत्रूंनी सुलतानाचे कान भरले आणि सत्तरी ओलांडलेल्या या वजिराचा शिरच्छेद झाला.

याच गवानच्या काळात रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी चौलला उतरला, म्हणजे गामाच्या आधी जवळजवळ तीस वर्षे. त्याने एकच घोडा विकायला आणला होता. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, नाहीतर दंड भर, असे बजावले. खुरासानच्या एका ओळखीच्या माणसाने मध्यस्थी केली म्हणून तो सुटला. गवानचा उल्लेख त्याच्या टिपणांत ‘मलिकुत्तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य, या किताबाने येतो. बिदरच्या उमरावांच्या पालख्या त्याने पाहिल्या आणि खेड्यांतली माणसे फार दीन आहेत हेही टिपले. परतीच्या वाटेवर, घरी पोहोचण्यापूर्वीच, तो वारला. निकितिनच्या मागे राजा नव्हता, तोफा नव्हत्या, नफाही झाला नाही. म्हणून तो यादीत नसतो. मला विचाराल तर वक्तृत्व स्पर्धेसाठी गामापेक्षा तो चांगला विषय आहे.

नेपोलियनकडे जाताना मी सौंदत्ती तालुक्यातल्या मुनवळ्ळीवरून जात असे, आणि मुलांना ते आधी विनोदासारखे वाटे. जानेवारी १७९९ मध्ये नेपोलियनने कैरोहून टिपू सुलतानाला मदतीचे आश्वासन देणारे पत्र पाठवले, ते इंग्रजांच्या हाती पडले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. त्या गोंधळात तिथल्या तुरुंगातून धोंडजी वाघ सुटला. चन्नगिरीकडचा हा मराठा शिपाई पाहता पाहता हजारो घोडेस्वार जमवून स्वतःला दोन्ही लोकांचा राजा म्हणवू लागला. पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले त्याच्याशी लढताना ३० जून १८०० रोजी कित्तूरच्या रानात मारले गेले. त्याच्या पाठलागावर इंग्रजांनी ज्याला धाडले तो एकतीस वर्षांचा कर्नल आर्थर वेलस्ली होता. ३० जुलैला मलप्रभेच्या काठी मनोळी, म्हणजे आजच्या मुनवळ्ळीजवळ, त्याने धोंडजीच्या सामानसुमानाच्या तळावर अचानक झडप घातली आणि पुष्कळ माणसे नदीत लोटली गेली. १० सप्टेंबरला कोनगल येथे धोंडजी मारला गेला. त्याचा चार वर्षांचा मुलगा सलाबतखान सामानात सापडला, तेव्हा वेलस्लीने त्याला सांभाळले आणि त्याच्या पालनपोषणासाठी पैसेही ठेवले. पंधरा वर्षांनी, १८ जून १८१५ रोजी, वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. दोघांचा जन्म एकाच वर्षीचा, १७६९ चा.

इथे दुसरा प्रश्न विचारावा. वेलस्लीची पत्रे जपली गेली आणि खंडांनी छापली गेली. धोंडजीचा स्वतःचा एक शब्दही आपल्यापुढे नाही. त्याला मारणाऱ्याच्या कागदांतूनच आपण त्याला ओळखतो. पुरात बुडालेल्या घोड्यांची, बेदखल झालेल्या गावांची, मलप्रभेकाठच्या शेतकऱ्याची नोंद शोधायची तर त्याच इंग्रजी पत्रांच्या ओळींमध्ये चाचपडावे लागते.

राणी एलिझाबेथची गोष्ट सांगताना तिच्या पोशाखांत आणि विवाहाच्या वाटाघाटींत फार वेळ घालवू नका. आपल्या दृष्टीने तिने केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनच्या व्यापाऱ्यांना दिलेली पंधरा वर्षांची सनद. त्या सनदेतून निघालेली ईस्ट इंडिया कंपनी दोनशे अठरा वर्षांनी आपला सेनानी मन्रो याच्या तोफा घेऊन बेळगावच्या किल्ल्यासमोर उभी राहिली आणि १० एप्रिल १८१८ रोजी किल्ला पडला. सनद देताना अहमदनगरची चांदबीबी नुकतीच आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली होती. लहान पुतण्याच्या नावाने तिने विजापूर सांभाळले, नंतर मोगलांपुढे अहमदनगरच्या तटावर उभी राहिली. एकाच काळातल्या या दोन स्त्रिया वेगवेगळ्या धड्यांत का असतात, हे मला कधी उमगले नाही. एलिझाबेथचे टिलबरी येथे सैन्यापुढचे प्रसिद्ध भाषण, दुबळ्या स्त्रीच्या देहात राजाचे काळीज असल्याचे ते वाक्य, आज प्रचलित असलेल्या रूपात अनेक दशकांनंतर छापले गेले, हेही सांगावे.

आणि मग बेळवडी. कर्नाटकच्या स्वारीवरून परतताना १६७८ च्या आरंभी शिवाजी महाराजांच्या सैन्याला बैलहोंगलजवळच्या या लहान गढीने कित्येक दिवस रोखून धरले. गढी लढवणारी देसाईण मराठी बखरीत सावित्रीबाई आहे, कानडी परंपरेत मल्लम्मा आहे, आणि राजापूरच्या इंग्रज वखारीच्या पत्रात तिला नावच नाही. एवढी राज्ये जिंकणाऱ्याला या एका देसाईणीला नमवता येत नाही, असे नवल तेवढे त्यात केले आहे. मराठी वर्गात हा प्रसंग सांगताना मला आधी संकोच वाटे. तो अनाठायी होता. हरलेल्या देसाईणीला महाराजांनी सन्मानाने वागवले अशीच आठवण दोन्ही भाषांनी जपली आहे, आणि तिन्ही कागद समोर ठेवले की कोणता कागद काय लपवतो हे नववीतले मूलही ओळखते.

कित्तूरच्या चन्नम्मा राणींवर बोलणारी मुले दरवर्षी असतातच. त्यांना फक्त तारखांकडे पाहायला सांगा. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरपुढे धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि डिसेंबरच्या आरंभी इंग्रजांच्या मोठ्या फौजेपुढे किल्ला पडला. त्याच महिन्यात, ९ डिसेंबरला, दक्षिण अमेरिकेतल्या आयाकुचोच्या रणांगणावर तिथल्या स्वातंत्र्ययुद्धाचा नेता सिमोन बोलिव्हार याच्या सेनापती सुक्रेने स्पेनची सत्ता मोडली. बोलिव्हारच्या बाजूने आधीच्या काही लढायांत वेलिंग्टनच्या युद्धांतून मोकळे झालेले ब्रिटिश शिपाई लढले होते. एका खंडात स्वातंत्र्यासाठी भाड्याने लढणारी आणि दुसऱ्या खंडात कित्तूर घेणारी माणसे एकाच देशाची होती.

स्पर्धेपुरते सांगायचे तर, प्रत्येक मुलाला पाच मिनिटे असतील तेव्हा ‘जन्म, बालपण, कार्य, मृत्यू’ असा साचा देऊ नका. त्यात सगळी भाषणे एकाच माणसाची वाटू लागतात आणि परीक्षकांना जांभया येतात. प्रत्येकाने एकच दिवस निवडावा: कालिकतला घंगाळी उघडली तो दिवस, अंजदीववर इटालियन बोलणारा पाहुणा आला तो दिवस, असद बेगाने अकबरापुढे हुक्का ठेवला तो दिवस, मनोळीला नदी दुथडी भरून वाहत होती तो दिवस. त्या दिवशी तिथे हजर असलेल्या, पण पुस्तकात नाव नसलेल्या एका माणसाचा उल्लेख भाषणात आलाच पाहिजे, अशी अट घाला आणि त्यासाठी पंचवीसपैकी दहा गुण राखून ठेवा. परीक्षक म्हणून बोलवायचे असेल तर शनिवारी सकाळची खानापूरची गाडी मला सोयीची आहे.